आळे आणि वाफसा

ज्या लातूर शहराने २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने आणलेले पाणी प्यायले, त्याच शहराच्या अंगणांतील फुलझाडे हिवाळ्यात पाण्याच्या आधिक्याने दगावतात, हे विधान प्रथमदर्शनी कोणासही विपरीत वाटेल. परंतु पायाखालची माती पाहिली म्हणजे त्याचा उलगडा होतो. नांदेड-लातूरकडील काळी जमीन बेसाल्टच्या झिजेतून बनलेली. तिच्या सूक्ष्म चिकणकणांना पाणी लागले की ते फुगतात, आणि वैशाखात ज्या भेगेत हात जाई, तिच्यातून आश्विनात हवाही जात नाही. मुळांना पाण्याइतकाच प्राणवायू लागतो; म्हणूनच आमचा शेतकरी पाणी ओसरून माती हाताला मोकळी लागेपर्यंत थांबतो व त्या अवस्थेस 'वाफसा' म्हणतो. परतीच्या पावसाने तुडुंब झालेली ही जमीन थंडीत लवकर वाळत नाही, मोगऱ्यासारखे झुडूप तर त्या दिवसांत विश्रांती घेत असते, तरी नळ आला की आळे भरण्याचा उन्हाळी रिवाज घरोघरी चालूच राहतो.

माझ्या अंगणातील जास्वंदीची पाने एका मार्गशीर्षात पिवळी पडून झाडाने मान टाकली, तेव्हा ती तहानलेली आहे असे समजून मी आणखी दोन बादल्या पाणी घातले. अखेर उपटून पाहिली तो मुळे तपकिरी, बुळबुळीत झालेली. चिमटीत धरून ओढताच साल सुटून हाती केवळ दोऱ्यासारखा गाभा राही, आणि मातीला नासक्या पाण्याचा दर्प येत होता.

नांदेडच्या एका जाणत्या माळ्याने ते पाहून सांगितले, की मूळ कसूर खड्ड्याची आहे. काळ्या मातीत खोल खड्डा खणून त्यात पोयटा भरला की भोवतालच्या चिकण भिंतींमुळे त्याचा बिननिचऱ्याचा हौद होतो, आणि तळाशी विटांचे तुकडे घातले तरी तो हौदच राहतो. याकरिता, मुरूम व कुजलेले शेणखत मिसळलेल्या वीतभर उंच गादीवाफ्यावर झुडूप लावावे, उताराकडे चर काढून पाण्यास वाट द्यावी, आणि पावसाळ्यात व हिवाळ्यात आळे मोडून माती बुंध्याकडून बाहेर उतरती करावी. लागवडीपूर्वी हातभर खड्डा पाण्याने भरून पाहावा. दुसऱ्या दिवशीही त्यात पाणी उभे असेल, तर ती जागा गुलाब-मोगऱ्याची नव्हे.

लागलेल्या झाडांसाठी थंडी सरेपर्यंत एवढे करावे, की पाणी घालण्यापूर्वी बोट दोन पेरे मातीत खुपसावे, आणि माती बोटाला चिकटून आली तर त्या दिवशीचे पाणी तहकूब ठेवावे.