'काहीतरी चांगलं द्या' : पुस्तक सुचवण्यामागचे शास्त्र

कोणत्याही सार्वजनिक वाचनालयाच्या देवघेव विभागात हमखास ऐकू येणारे एक वाक्य आहे : 'काहीतरी चांगलं द्या वाचायला.' वाक्य साधे असले तरी त्याचे उत्तर साधे नाही. अनेकदा नुकत्याच परत आलेल्या पुस्तकांच्या चळतीतील वरचे पुस्तक वाचकापुढे सरकवले जाते. ते जमले तर ठीक. नाही तर आठवड्याने ते न वाचताच परत येते. असे दोन-तीनदा झाले की वाचकाच्या खेपा कमी होतात आणि पुढे वर्गणीही थकते. वाचनसंस्कृतीच्या ऱ्हासाविषयी व्यासपीठांवरून पुष्कळ बोलले जाते. पण वाचक टिकतो की गळतो, याचा निर्णय पुष्कळदा या खिडकीवरच्या दोन मिनिटांत होत असतो.

ग्रंथालयातील कर्मचाऱ्याने वाचकाला पुस्तक सुचवणे हा सौजन्याचा भाग मानला जातो. प्रत्यक्षात तो ग्रंथालयशास्त्राच्या गाभ्याचा भाग आहे. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. शि. रा. रंगनाथन हे मूळचे गणिताचे प्राध्यापक. १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. ग्रंथ हे उपयोगासाठी आहेत, हे पहिले सूत्र. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळाला पाहिजे, हे दुसरे. आणि प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे, हे तिसरे. वाचकाचा वेळ वाचवावा, असे चौथे सूत्र सांगते, तर ग्रंथालय ही वाढती संस्था आहे, असे पाचवे. यातील तिसरे सूत्र विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. वाचक पुस्तकाची मागणी करू शकतो, पुस्तकाला मात्र वाचकाची मागणी करता येत नाही. त्याच्या वतीने कोणी तरी बोलावे लागते, आणि ते काम कर्मचाऱ्याचे असते.

एकच क्रमांक, हजार कादंबऱ्या

ग्रंथालयात तालिका असते, वर्गीकरण असते. मग वाचकाने स्वतःच पुस्तक का शोधू नये? माहितीपर ग्रंथांच्या बाबतीत हे बऱ्याच अंशी शक्य आहे. मधुमेहावरची पुस्तके एका ठिकाणी सापडतात, शिवकालीन इतिहासाची दुसऱ्या ठिकाणी. ललित साहित्यात मात्र ही व्यवस्था तोकडी पडते. १८७६ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या ड्यूई दशांश वर्गीकरणात मराठी कथा-कादंबरीचा क्रमांक ८९१.४६३ हा आहे. वि. स. खांडेकर, भालचंद्र नेमाडे आणि बाबुराव अर्नाळकर हे तिघेही या एकाच क्रमांकाखाली येतात. कपाटातील क्रम लेखकाच्या आडनावावरून लागतो. लेखक आणि शीर्षक ठाऊक असलेल्यालाच तो उपयोगी. पुस्तक संथ आहे की वेगवान, हसवणारे आहे की अस्वस्थ करणारे, याविषयी क्रमांक मुका असतो.

त्यातच मराठी वाचनालयांपैकी अनेकांत कपाटे वाचकांसाठी खुली नसतात. जेथे मुक्तद्वार पद्धत आहे, तेथे निदान पुस्तक चाळून पाहता येते. जेथे नाही, तेथे वाचक आणि पुस्तक यांच्यामधला एकमेव दुवा म्हणजे खिडकीमागचा माणूस. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर चिकटवलेल्या तारखांच्या चिठ्ठीवर दहा वर्षांत दोनच शिक्के असतील, तर दोष नेहमी पुस्तकाचाच असतो असे नाही. ते कोणी सुचवलेलेच नसते.

'विषय कोणता?' हा चुकीचा प्रश्न

पुस्तक सुचवण्याच्या कामाला अमेरिकेत १९२०च्या दशकात स्वतंत्र सेवेचे रूप आले. मोठ्या सार्वजनिक ग्रंथालयांत नेमलेले वाचन-सल्लागार वाचकाची मुलाखत घेत आणि त्याच्यासाठी वाचनाचा अभ्यासक्रमच आखून देत. त्यामागचा हेतू प्रौढशिक्षणाचा होता. वाचकाने 'सुधारावे' अशी अपेक्षा त्यात होती. चाळीसच्या दशकानंतर ही सेवा मागे पडली. १९८०च्या दशकात ती पुन्हा उभी राहिली, तेव्हा तिचा पायाच बदललेला होता. जॉइस सॅरिक्स आणि नॅन्सी ब्राउन यांच्या १९८९ मधील ग्रंथाने असा विचार रुजवला की, वाचकाला पुस्तक आवडते ते केवळ विषयामुळे नव्हे. कथनाची गती, पात्रांची घडण, कथानकाचा बाज आणि पार्श्वभूमी यांतून जो अनुभव मिळतो, त्यामुळे ते आवडते.

सिॲटलच्या ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांनी हाच विचार अधिक सुटसुटीत केला. त्यांच्या मते पुस्तकात शिरण्याचे चार दरवाजे असतात : कथा, पात्रे, स्थळ-काळ आणि भाषा. प्रत्येक पुस्तकाला चारही दरवाजे असतात, मात्र त्यांचा आकार निरनिराळा असतो, आणि प्रत्येक वाचकाचाही एखादा आवडता दरवाजा असतो. म्हणून 'कोणत्या विषयावरचे पुस्तक हवे?' असे विचारण्यापेक्षा 'अलीकडे मनापासून आवडलेले पुस्तक कोणते, आणि त्यात काय आवडले?' हे विचारणे अधिक फलदायी ठरते.

मराठी उदाहरण घ्यायचे तर 'मृत्युंजयसारखं काहीतरी द्या' ही नेहमीची मागणी पाहावी. शिवाजी सावंत यांची ही कादंबरी १९६७ची. ती आवडण्याची कारणे मात्र वाचकागणिक वेगळी असतात. ज्याला कर्ण ही व्यक्ती भावली, त्याला रणजित देसाई यांची 'राधेय' द्यावी. ज्याला प्रत्येक पात्राने आपापली बाजू सांगण्याची रीत आवडली, त्याला खांडेकरांची 'ययाति' जवळची वाटेल. तिथेही ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आपली कहाणी स्वतःच सांगतात. महाभारताविषयी प्रश्न पडू लागलेल्या वाचकापुढे इरावती कर्वे यांचे 'युगान्त' आणि दुर्गा भागवत यांचे 'व्यासपर्व' ठेवता येते. दैवी चमत्कार वगळून ती कथा पाहण्याची तयारी असेल, तर एस. एल. भैरप्पा यांच्या 'पर्व' या कन्नड कादंबरीचा उमा कुलकर्णी यांनी केलेला मराठी अनुवाद आहे. आणि जन्मावरून नाकारल्या गेलेल्या माणसाची सल ज्याच्या मनात रुतून बसली, त्याच्या हाती दया पवार यांचे 'बलुतं' किंवा लक्ष्मण माने यांचे 'उपरा' द्यायला हरकत नाही. विषयाच्या यादीत ही पुस्तके एकमेकांच्या जवळपासही येणार नाहीत. वाचकाशी झालेल्या दोन मिनिटांच्या बोलण्यातूनच ती जवळ येतात.

सुचवणे म्हणजे लादणे नव्हे

या कामाला काही पथ्ये आहेत. पहिले म्हणजे एकच पुस्तक पुढे न करता दोन-तीन द्यावीत, म्हणजे निवड वाचकाकडेच राहते. दुसरे, पुस्तक न आवडण्याचा वाचकाचा अधिकार मान्य करावा. पर्ल यांचा पन्नास पानांचा नियम प्रसिद्ध आहे : पन्नास पानांपर्यंत पुस्तकाने पकड घेतली नाही तर ते खुशाल मिटावे. पन्नाशी उलटलेल्या वाचकाने शंभरातून आपले वय वजा करावे आणि उरतील तेवढीच पाने वाचून निर्णय घ्यावा. सत्तरीच्या वाचकाला तीसच पाने पुरेत. अर्धवट परत आलेले पुस्तक हे कर्मचाऱ्यासाठी अपयश नसून वाचकाविषयी मिळालेली माहिती असते.

तिसरे पथ्य सर्वांत अवघड. रहस्यकथा मागणाऱ्याला 'हे काय वाचता?' असा चेहरा करून वैचारिक ग्रंथ देणे, हा वाचक गमावण्याचा खात्रीचा मार्ग आहे. स्वतःची आवड आणि वाचकाची गरज यांतील अंतर ज्याला कळते, तोच चांगला ग्रंथपाल. याउलट वाचक मागतो तेच आणि तेवढेच देत राहणे हीदेखील सेवा नव्हे, कारण मग तिसरे सूत्र अपुरे राहते. आणखी एक गोष्ट म्हणजे गोपनीयता. कोण काय वाचतो, हे कर्मचाऱ्याला ठाऊक असते. आजाराविषयी, घटस्फोटाविषयी वा धर्मचिकित्सेविषयी पुस्तक नेणाऱ्याची चर्चा खिडकीवर होता कामा नये.

संगणकाची शिफारस आणि माणसाची

'हे पुस्तक घेणाऱ्यांनी हेही घेतले' ही सूचना आता सर्वांच्या परिचयाची आहे. ॲमेझॉनच्या अभियंत्यांनी २००३ मध्ये या पद्धतीचे विवेचन प्रसिद्ध केले. एकत्र खरेदी होणाऱ्या वस्तूंच्या नोंदींवर ती आधारलेली असते. लाखो व्यवहारांच्या नोंदी असतील तेथे ती प्रभावी ठरते. परंतु अशी पद्धत खपणारे पुस्तक अधिक खपवण्याकडे झुकते. कोणी घेतलेच नाही, त्या पुस्तकाविषयी तिच्याकडे सांगण्यासारखे काही नसते. ज्या पुस्तकाच्या चिठ्ठीवर दोनच शिक्के आहेत, त्याची बाजू घेऊ शकतो तो वाचलेला माणूसच.

हे ओळखून अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालयांनी २०१३ मध्ये 'लायब्ररीरीड्स' हा उपक्रम सुरू केला. त्यात देशभरातील ग्रंथालय कर्मचारी आगामी पुस्तके आधीच वाचतात आणि त्यांच्या मतांवरून दर महिन्याला दहा पुस्तकांची यादी तयार होते. सिॲटलच्या सार्वजनिक ग्रंथालयाने वाचकाने आपली आवडनिवड कळवावी आणि ग्रंथपालांनी त्याच्यासाठी पाच पुस्तके निवडून द्यावीत, अशी सेवा सुरू केली.

आपल्याकडे काय करता येईल?

महाराष्ट्राला ग्रंथालयांची मोठी परंपरा आहे. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० मधले, पुणे नगर वाचन मंदिर १८४८ मधले, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मधले, तर मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ मधले. सयाजीराव गायकवाड यांनी १९१० मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बडोद्यात आणले आणि गावोगावी पुस्तकांच्या फिरत्या पेट्या पाठवल्या. अशी पेटी भरणे म्हणजे न पाहिलेल्या वाचकासाठी केलेली शिफारसच होती. राज्यात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे आणि त्यानुसार अ, ब, क, ड अशा वर्गांतील ग्रंथालयांना अनुदान मिळते. परंतु ग्रंथालय कर्मचाऱ्यांच्या तुटपुंज्या वेतनाचा प्रश्न दशकानुदशके रेंगाळत आला आहे. ज्याला उदरनिर्वाहासाठी दुसरी नोकरी शोधावी लागते, त्याने दाखलपुस्तक भरून, वर्गणी गोळा करून, वर नवी पुस्तके वाचावीत ही अपेक्षा अवाजवी आहे. पुस्तक सुचवणारा हवा असेल, तर त्याला वाचायला वेळ आणि जगायला पैसे मिळाले पाहिजेत.

तोवर काही गोष्टी मात्र खर्चाविना होण्यासारख्या आहेत. दरवाजाजवळ एक फळी रिकामी करून त्यावर कर्मचाऱ्यांनी निवडलेली पुस्तके ठेवावीत. प्रत्येकात दोन ओळींची चिठ्ठी असावी. तीत कथानक नव्हे, तर हे पुस्तक कोणाला आवडेल ते लिहावे. त्या फळीवर गाजलेली पुस्तके नसावीत, कारण त्यांना शिफारशीची गरज नसते. दिवाळी अंकांसाठी नव्याने सभासद होणाऱ्यांना अंकासोबत त्यातील आवडलेल्या लेखकाचे एक पुस्तक सुचवावे. परत येणाऱ्या पुस्तकासोबत 'कसं वाटलं?' एवढे विचारावे आणि उत्तर वहीत टिपून ठेवावे.

वाचकांनीही आपल्या मागणीत थोडा बदल करावा. 'काहीतरी चांगलं द्या' याऐवजी 'मागचे हे पुस्तक या कारणासाठी आवडले' असे सांगितले, तर खिडकीपलीकडच्या माणसाला कपाटाकडे वळण्याची दिशा मिळते. कपाटातली पुष्कळशी चांगली पुस्तके त्या एका वाक्यासाठी खोळंबून आहेत.