नाताळ जवळ, घर दूर

नाताळ हा घरी परतण्याचा सण आहे. मुंबई-पुण्याहून मराठवाड्याकडे येणाऱ्या गाड्यांना डिसेंबरच्या अखेरीस होणाऱ्या गर्दीत जालन्याच्या ख्रिस्ती कुटुंबांतील नोकरदार मुलेही असतात. घरोघरी करंज्या, अनारसे, चकल्यांचा घाट घातलेला असतो. दिवाळीचा फराळ महिनाभर उशिरा आला आहे, असेच एखाद्या परक्याला वाटावे. मात्र ज्यांनी हा सण दूरदेशी नेला, त्या धर्मप्रचारकांना नेमके याच दिवसांत घर नसते.

या विरहाला सर्वांत काटेकोर नियम लावले ते मॉर्मन पंथाने. जोसेफ स्मिथ यांनी १८३० मध्ये अमेरिकेत स्थापन केलेल्या या पंथाचे मुख्यालय युटा राज्यातील सॉल्ट लेक सिटी येथे आहे. पंथातील तरुण दोन वर्षे, तर तरुणी दीड वर्ष प्रचारकार्यासाठी घर सोडतात. कोठे जायचे हे त्यांनी ठरवायचे नसते. नेमणूक वरून येते. खर्च बहुतांशी स्वतःचा किंवा कुटुंबाचा. जोडीदाराला सोडून एकट्याने फिरायचे नाही. घरी पत्र लिहायचे ते आठवड्यातून एका ठरावीक दिवशी. दूरध्वनी तर वर्षातून दोनदाच, मातृदिनी आणि नाताळला! आईचा आवाज ऐकण्यासाठी सहा-सहा महिने थांबणाऱ्या या मुलांना नाताळ म्हणजे मुख्यतः तो एक फोन होता. फेब्रुवारी २०१९ मध्ये पंथाने ही अट काढली. आता दर आठवड्याला घरच्यांशी बोलता येते, चेहराही पाहता येतो. भारतात बेंगळुरू व नवी दिल्ली येथे या पंथाची मिशन केंद्रे आहेत आणि त्यांत भारतीय तरुणही काम करतात. विदेशी प्रचारकाला मात्र भारतात येण्यासाठी स्वतंत्र मिशनरी व्हिसा लागतो.

मराठी मुलखाशी या पंथाचा संबंध अनेकांना वाटतो त्याहून बराच जुना आहे. ह्यू फिंडले हा स्कॉटिश मॉर्मन प्रचारक १८५२ मध्येच मुंबईत उतरला आणि तेथून पुण्यास गेला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सॉल्ट लेक सिटी येथील परिषदेत जगभर जाण्यासाठी शंभरावर पुरुषांच्या नेमणुका जाहीर झाल्या. त्यांतील नऊ भारतासाठी होते. जानेवारी १८५३ च्या अखेरीस त्यांचे जहाज सॅन फ्रान्सिस्कोहून निघाले आणि एप्रिलमध्ये कलकत्त्यास लागले. म्हणजे १८५२ चा नाताळ त्यांनी वाटेवरच काढला. त्याच परिषदेत पंथाने बहुपत्नीत्वाचा उघड पुरस्कार केला होता. ही वार्ता प्रचारकांच्या बरोबरच भारतात पोहोचली आणि गोऱ्या वसाहतींची दारे त्यांना बंद होऊ लागली. पुण्यात लष्करी अधिकाऱ्यांनीही विरोध केला. १८५६ पर्यंत हे मिशन जवळजवळ आटोपले.

जालन्यात जी मोहीम रुजली ती मॉर्मनांची नव्हती, ती स्कॉटलंडच्या फ्री चर्चची होती. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होते आणि तेथे हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. येथे येणाऱ्या स्कॉटिश मिशनऱ्यांची गोष्ट गमतीची आहे. ज्या सणाला घर आठवावे, तो त्यांच्या घरी फारसा साजराच होत नसे! धर्मसुधारणेनंतर स्कॉटिश चर्चने नाताळ अशास्त्रीय ठरवला होता. १६४० मध्ये तेथील संसदेने नाताळची सुट्टी कायद्याने रद्द केली. कायदा पुढे गेला, पण वृत्ती टिकली. स्कॉटलंडमध्ये २५ डिसेंबरला सार्वजनिक सुट्टी मिळू लागली ती थेट १९५८ पासून. तेथील खरा सण नववर्षाचा. भजन-कीर्तन आणि फराळासह जो नाताळ आज मराठवाड्यात दिसतो, तो मुख्यतः मराठी ख्रिस्ती माणसांनी आपल्या हाताने घडवलेला आहे. ‘नाताळ’ हा शब्दही पोर्तुगीजांकडून आलेला, स्कॉटांकडून नव्हे. तरीही स्वदेश तो स्वदेशच. १८६० च्या दशकात इंग्लंडकडे जाणाऱ्या टपालास कित्येक आठवडे लागत. नाताळात लिहिलेल्या पत्राचे उत्तर हाती येईपर्यंत होळी जवळ येई.

परंतु या साऱ्यांच्या विरहाला मुदत होती. ज्यांच्या विरहाला मुदतच नव्हती, ते लोक मराठी होते. जालना मिशनचे प्रमुख शिल्पकार रेव्हरंड नारायण शेषाद्री हे त्यांपैकी एक. या ब्राह्मण तरुणाने १८४३ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांचा अल्पवयीन भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे राहत होता. वडिलांनी न्यायालयात धाव घेतली आणि मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयाने श्रीपतला वडिलांच्या स्वाधीन केले. आता प्रश्न उभा राहिला तो त्याला पंक्तीत घ्यावयाचे की नाही हा. प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावे, असा पक्ष ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांनी घेतला आणि त्यासाठी सनातन्यांचा रोष पत्करला. एका भावासाठी घराचे दार उघडावे यावर शहर पेटले. दुसऱ्या भावासाठी ते उघडण्याचा प्रश्नच उरला नव्हता.

शेषाद्री १८६० च्या दशकाच्या आरंभी जालन्यास आले. त्यांच्या प्रयत्नांनी जे ख्रिस्ती झाले, त्यांत प्रामुख्याने मातंग समाजातील शेतमजूर कुटुंबे होती. गावगाड्यात आधीच वेशीबाहेर असलेल्या या माणसांना धर्मांतरानंतर गावाचा उरलासुरला आधारही तुटण्याचे भय होते. उपदेशाने पोट भरत नाही, हे शेषाद्रींच्या लवकर ध्यानी आले असावे. हैदराबादचे दिवाण सालारजंग यांच्याकडून त्यांनी जमीन मिळवली आणि जालन्याजवळ या कुटुंबांसाठी स्वतंत्र वसाहत उभारली. तिला नाव दिले बेथेल. बायबलमधील या हिब्रू नावाचा अर्थ आहे ‘देवाचे घर’. येथे राहणाऱ्यांना सणासाठी दुसरीकडे कोठे परतायचे नव्हते. घर म्हणावे ते हेच.

वसाहतीसाठी पैसा उभा करणे हे शेषाद्रींचे दुसरे काम, आणि त्यासाठी त्यांनाच जालना सोडून दूरवर हिंडावे लागे. ऑक्टोबर १८७३ मध्ये न्यूयॉर्क येथे भरलेल्या इव्हॅन्जेलिकल अलायन्सच्या जागतिक परिषदेत पागोटे घातलेला हा मराठी पाळक व्यासपीठावर उभा राहिला. युटाच्या प्रचारकांना कलकत्त्याच्या धक्क्यावर उतरून तेव्हा वीस वर्षे झाली होती.