वाडीच्या बांधावरील पांगारा

वाडीच्या कडेस शोभेसाठीं एखादें झाड लावावयाचें ठरलें, कीं आजकाल बहुतेकांच्या तोंडीं प्रथम गुलमोहराचें नांव येतें. गुलमोहर दिसावयास देखणा खराच. पण तो मूळचा मादागास्कर बेटांतला. त्याचीं मुळें उथळ आणि लांकूड ठिसूळ. मे २०२१ मधील तौक्ते वादळांत किनाऱ्यावर झाडें कशीं उन्मळून पडलीं, हें आपण विसरलां नसाल. म्हणून वटार, राजोडी, आगाशी या बाजूच्या समुद्रालगतच्या वाड्यांसाठीं त्याच शिंबावंत कुळांतील आपल्या पांगाऱ्याची शिफारस मी करणार आहें.

पांगारा ओळखणें सोपें आहे. पळसाप्रमाणें यासही पानें तीनच. परंतु याच्या अंगावर आखूड काळे कांटे असतात. माघ-फाल्गुनांत पानें गळून जातात आणि उघड्या फांद्यांच्या टोकांस लालभडक फुलांचे झुबके येतात. त्यांतील मधासाठीं मैना, बुलबुल, कावळे, शिंजीर यांची रीघ लागते, व परागीभवनाचें काम हे पक्षीच करतात. खारा वारा आणि रेताड जमीन हें झाड सहज सोसतें.

शोभेहून त्याचा उपयोग मोठा. कोंकणांत मिरीच्या वेलीस, आणि महाराष्ट्रांतील पानमळ्यांत पानवेलीस, पांगाऱ्याचा जिवंत आधार देण्याची रीत जुनी आहे. त्याच्या मुळांवरील गांठींत राहणारे जंतु हवेंतील नत्र धरून ठेवतात. पावसाच्या तोंडावर फांद्या छाटल्या, म्हणजे पावसाळी अंधारांत वेलीस उजेड मिळतो, आणि पाला आळ्यांत घातला कीं खत होतें. हा पाला गुरेंही खातात. बिया मात्र विषारी आहेत. त्या मुलांच्या हातीं पडूं देऊं नयेत.

आतां लागवडीची रीत. बीं पेरूनही रोप होतें. पण कुंपणासाठीं खुंटच बरा. वैशाख-ज्येष्ठांत, पाऊस सुरू होण्यापूर्वीं, मनगटाएवढी जून फांदी पांच-सहा हात लांब तोडावी. ती चार दिवस सावलींत ठेवून काप सुकूं द्यावा, आणि मग हातभर खोल खड्ड्यांत रोवून भोंवतालची माती घट्ट दाबावी. पाणी सांचेल अशी जागा टाळावी, नाहींतर खुंट कुजतो. पांगाऱ्याचेंही लांकूड मऊच असतें. म्हणून दरवर्षीं छाटणी करून शेंडा हलका ठेवावा. फुलें हवीं असल्यास मात्र घरापासून दूर असलेलीं एक-दोन झाडें न छाटतां वाढूं द्यावीं, कारण वरचेवर छाटलेलें झाड फारसें फुलत नाहीं.

एका संकटाची सूचना देणें अवश्य आहे. एक अतिसूक्ष्म गांधीलमाशी पांगाऱ्याच्या कोंवळ्या पानांत व देंठांत अंडीं घालते. तेथें गांठी येऊन पालवी वेडीवांकडी होते, आणि उपद्रव वाढल्यास झाडही मरतें. शास्त्रज्ञांनीं २००४ मध्यें हिचें प्रथम वर्णन केलें. २००५ मध्यें हवाई बेटांत हिनें पांगाऱ्याच्या जातीच्या झाडांचा मोठा नाश केला, आणि २००६ मध्यें केरळांत तिची नोंद झाली. हवाई बेटांत २००८ मध्यें तिच्यावर जगणारी दुसरी माशी सोडण्यांत आली. आपल्या हातीं उपाय दोन : गांठी आलेले शेंडे तत्काळ तोडून जाळावे, आणि खुंट नेहमीं निरोगी झाडाचाच घ्यावा. रोगट खुंट एका गांवाहून दुसऱ्या गांवीं नेणें म्हणजे माशीस आपणच वाहन पुरविणें होय.

वाड्यांचे बांध मोडून तेथें भिंती उभ्या राहत आहेत, आणि त्यांबरोबर पांगाराही जात आहे. हा वृक्ष राखावयास पैसा लागत नाहीं. येत्या वैशाखांत एखाद्या निरोगी झाडाचे दोन खुंट आणावे. एक आपल्या बांधावर रोवावा आणि दुसरा शेजाऱ्यास द्यावा.