वंशवृक्षाची आखणी

रायगडाच्या वाटेवर पाचाडला थांबणारा मनुष्य जिजाबाईंच्या समाधीपाशी दोन क्षण उभा राहतोच. 6 जून 1674 रोजी वर गडावर राज्याभिषेक झाला आणि 17 जून रोजी खाली या गावी जिजाबाईंनी देह ठेवला. त्यांच्या वाड्याचे अवशेषही येथेच आहेत. आता घरी गेल्यावर भोसल्यांचा एखादा छापील वंशवृक्ष उघडून पाहा. वर मालोजी, त्यांखाली शहाजी, त्यांखाली शिवाजी महाराज. ज्यांच्यासाठी पाचाडला वाडा उठला, त्यांचे नाव पुष्कळशा वृक्षांत शोधूनही सापडत नाही. हे का होते, आणि संगणकाच्या पडद्यावर वृक्ष काढावयास बसले म्हणजे हीच अडचण पुन्हा कशी उभी राहते, ते आज पाहावयाचे आहे.

वेबपृष्ठावर आकृत्या काढणाऱ्यांच्या हाताशी ‘डी-थ्री’ नावाचा एक तयार संच असतो. अशा संचाला लायब्ररी म्हणतात. पुस्तकांशी तिचा संबंध नाही. माइक बोस्टॉक यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात असताना सहकाऱ्यांसह ती 2011 साली पुढे आणली, आणि ती विनामूल्य मिळते. तिच्यापुढे आपण एक साधा तक्ता ठेवावयाचा: क्रमांक, नाव आणि वडिलांचा क्रमांक. मालोजी 1, त्यांच्या वडिलांचा रकाना कोरा. शहाजी 2, वडील 1. शरीफजी 3, वडील 1. संभाजी 4, शिवाजी 5, व्यंकोजी 6, तिघांचेही वडील 2. याप्रमाणे शाहूंपर्यंत खाली यावे.

येथे कोणी म्हणेल, क्रमांकांचा खटाटोप कशाला, नावे आहेतच की! पण आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची आपली रीत संगणकाला ठाऊक नाही. या एवढ्याशा तक्त्यात संभाजी तीन आहेत: शहाजीराजांचे थोरले पुत्र, शिवाजी महाराजांचे पुत्र आणि राजारामांचे पुत्र. शिवाजीही दोन, कारण ताराबाईंच्या मुलाचे नाव तेच. ‘शाहूंचे वडील संभाजी’ एवढेच लिहिले, तर लायब्ररी ‘संदिग्ध’ म्हणून काम थांबवते. तिचे इतर आक्षेपही असेच रोखठोक असतात. वडिलांचा क्रमांक तक्त्यात नसला तर ‘सापडत नाही’. दोन रकाने कोरे राहिले तर ‘मुळे अनेक’. चुकून नातू आजोबांचा बाप झाला तर ‘चक्र’. जुनी वंशावळ तपासणाऱ्या कारकुनापेक्षा ही तपासणी अधिक कडक, असे मला वाटते.

तक्ता पटला म्हणजे आखणी सुरू होते. पिढी मोजली की उंची ठरते. त्यात कौशल्य नाही. कठीण असते ती आडवी जागा. ही रीत राइनगोल्ड आणि टिलफर्ड या दोघांनी 1981 साली मांडली. आरंभ मुळापासून न करता टोकाकडून करावयाचा. आधी मुलांच्या जागा लावाव्यात, मग बाप त्यांच्या बरोबर मध्यावर बसवावा. त्यानंतर भावाभावांचे विस्तार, प्रत्येक आपापल्या लेकुरवाळ्या पसाऱ्यासह, एकमेकांकडे सरकवीत आणावेत. पेंढ्यांनी भरलेल्या दोन गाड्या एकमेकींना न घासता जितक्या जवळ येतील तितक्या. डी-थ्री या रीतीचे 2002 साली सुधारलेले रूप वापरते. त्यात नावे दुप्पट झाली तर श्रमही साधारण दुप्पटच होतात, चौपट होत नाहीत. अंतराचा मूळ नियम तर आपल्या घरगुती हिशेबातला वाटावा: एका बापाच्या मुलांत अंतर एक, चुलत शेजाऱ्यांत दोन.

पडद्यावर मोजणी वरून खाली चालते, म्हणून मूळ वर येते आणि फांद्या खाली लोंबतात. गीतेतला अश्वत्थ ज्यांना ठाऊक आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. मात्र मराठी नावे लांब, ती एकमेकांवर चढतात. म्हणून वृक्ष आडवा करून मूळ डावीकडे ठेवणे सोयीचे.

या लायब्ररीत ‘क्लस्टर’ नावाची दुसरी आखणी आहे. तिच्यात ज्यांच्याखाली कोणी नाही ते सगळे एका रांगेत येतात. दिसावयास ती नीटनेटकी. पण आपल्या तक्त्यात शरीफजींची मुले लिहिलेली नसल्याने ते आपल्या भावाच्या पणतवाच्या, म्हणजे शाहूंच्या, पंक्तीला जाऊन बसतात. वंशवृक्षाला ती उपयोगाची नाही.

आता जिजाबाई. या वृक्षाची अट अशी की प्रत्येकाला वर एकच आधार असावा. शिवाजी महाराजांच्या वर शहाजी लिहिले की आईची जागा संपली. जिजाबाई सिंदखेडच्या लखुजी जाधवांच्या कन्या. वृक्षात शिरतील तर जाधवांच्या. पण कन्यांची नावेच न लिहिण्याची रीत असल्याने तेथेही त्या गळतात. सईबाईंच्या सखूबाई, राणूबाई आणि अंबिकाबाई अशाच गळल्या. यंत्राची अट एका आधाराची. तो आधार बापाचाच असावा, हे मात्र आपण ठरविलेले.

यावर एक उपाय आहे. शहाजी आणि मुले यांच्यामध्ये जोडप्यांची एक पायरी घालावी: ‘शहाजी–जिजाबाई’ आणि ‘शहाजी–तुकाबाई’. पहिलीखाली संभाजी व शिवाजी, दुसरीखाली व्यंकोजी. अट मोडत नाही आणि आई दिसू लागते. पुढे राजारामांखाली ताराबाई आणि राजसबाई अशा दोन पायऱ्या येतात, आणि 1714 साली राजसबाईंच्या पक्षाने ताराबाई व त्यांचे पुत्र शिवाजी यांना बाजूस सारून संभाजींना कोल्हापूरच्या गादीवर बसविले, ते भांडण नुसत्या आकृतीवरून उलगडते. बापांच्या वृक्षात ते दोघे केवळ भाऊ दिसत होते.

राहिला जाधवांचा वृक्ष. तो बाजूला वेगळा आखावा. लायब्ररी फक्त जागा सांगते, रेघा आपण ओढावयाच्या असतात. म्हणून जाधवांकडील जिजाबाईंपासून भोसल्यांकडील त्यांच्या पायरीपर्यंत एक तुटक रेघ ओढावयास कोणी अडवीत नाही.