कुंडीची तहान

अम्मी गेल्यानंतर तिचा कुंडीतला मोगरा मी फार जपला. नमाजाआधी वजू करताना भांड्यात साचलेलं पाणी टाकून देणं जिवावर यायचं, ते मोगऱ्याला जायचं. म्हणजे दिवसातून पाच वेळा! पानं पिवळी पडली, झाडानं मान टाकली. मी आणखी पाणी घातलं. शेवटी उपटून पाहिलं तर मुळं काळी, बुळबुळीत, आंबूस वासाची. माझ्या मायेनंच ते बुडालं होतं.

घरातली बरीच झाडं अशीच जातात. मुळांनाही श्वास लागतो. मातीच्या कणांमधल्या पोकळीत हवा असते. तिथं सतत पाणी राहिलं की मुळं गुदमरतात, बुरशी लागून कुजतात. कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. त्यामुळं चिखलात उभं असलेलं झाडही तहानल्यासारखंच कोमेजतं. आपली फसगत होते ती इथं.

त्यात आमच्या अक्कलकोटकडची काळी माती. ज्वारीला, तुरीला ती मानवते, कारण ओल धरून ठेवते. कुंडीत तोच गुण नडतो. भिजली की चिकट गोळा. वाळली की आकसून कुंडीची कड सोडते. मग वरून घातलेलं पाणी त्या फटीतून थेट खाली उतरतं आणि मधला गड्डा कोरडाच राहतो. म्हणून नुसती शेतातली माती कुंडीत भरू नये. तिच्यात मूठभर नव्हे, तिच्याइतकीच जाडसर वाळू आणि चांगलं कुजलेलं शेणखत मिसळावं. तळाचं भोक खापरीनं झाकावं, पण बुजवू नये.

आणखी एक सवय आहे. नळाला पाणी आलं, की साठवलेलं 'शिळं' पाणी आपण कुंड्यांत रिकामं करतो. झाडाला नळाचं वेळापत्रक कुठलं कळायला! बोट दोन पेरं मातीत घालून पाहावं. कोरडं लागलं तरच पाणी द्यावं, तेही खालून निथळेपर्यंत, आणि बशीत साचलेलं ओतून टाकावं. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा रोज लागेल. श्रावणातल्या ढगाळ हवेत कदाचित चार दिवस लागणार नाही.

राहिला उजेड. मनीप्लांट खिडकीपाशी तग धरतो. तुळस आणि मोगरा मात्र उन्हाची लेकरं. त्यांना शोभेसाठी दिवाणखान्यात कोंडू नये.

अम्मीनं त्याच मोगऱ्याची एक फांदी पूर्वी बहिणीला दिली होती. तिच्याकडचं झाड जोमात आहे. त्याची फांदी पावसाळ्यात आणून लावली, ती धरली. वजूचं पाणी हल्ली अंगणातल्या कडुलिंबाला जातं.