परदेशातील मराठीचे क्षेत्रीय संशोधन : आरोग्य व सुरक्षितता यांची पूर्वयोजना

महाराष्ट्राबाहेर, समुद्रापलीकडे रुजलेल्या मराठीचा अभ्यास करावयाचा झाल्यास संशोधकासमोर प्रामुख्याने दोन क्षेत्रे उभी राहतात. एक मॉरिशस, जेथे एकोणिसाव्या शतकात ऊसमळ्यांवरील मजूर म्हणून गेलेल्या कोकणी कुटुंबांचे वंशज आहेत. आणि दुसरे इस्राएल, जेथे कुलाबा जिल्ह्यातून व मुंबईतून, मुख्यतः १९५० ते १९७० या काळात, गेलेल्या बेने इस्राएल समाजाची वस्ती लोद, रमले, अश्दोद, बेअरशेबा व दिमोना या गावांतून आढळते. या दोन्ही ठिकाणी भाषेचे काय झाले, हा प्रश्न जितका मोलाचा तितकाच तातडीचा आहे. कारण ज्यांच्या तोंडी ती मराठी अजून शाबूत आहे, ती माणसे वृद्ध आहेत. या घाईमुळेच प्रवासाची तयारी करताना प्रश्नावली, शब्दसूची आणि ध्वनिमुद्रणाची साधने यांचा बारकाईने विचार होतो, आणि संशोधकाच्या जिवाचा विचार विमानाच्या तिकिटाबरोबर मिळणाऱ्या विम्याच्या कागदावर सोपवला जातो.

या दुर्लक्षास आणखी एक कारण आहे व ते भाषिक आहे. दूरदेशी उतरल्यावर ज्या घरात संशोधक प्रथम जातो, तेथे त्याचे स्वागत मराठीत होते. समोर चहा येतो, आजीबाई अलिबागकडच्या गावाची चौकशी करतात, आणि आपण परमुलखात आहोत ही जाणीव क्षणात ओसरते. परंतु त्या घराच्या उंबरठ्याबाहेर रुग्णालय हिब्रूत चालते किंवा क्रिओल-फ्रेंचमध्ये. धोक्याचा इशारा मराठीत कोणी देत नाही. अपरिचित भाषेच्या प्रदेशात जाणारा संशोधक निदान सावध तरी असतो. स्वभाषकांच्या घोळक्यात वावरणारा मात्र तेथील राज्यभाषेचे दहा शब्दही न शिकता महिना काढू शकतो, आणि त्याचा तोटा नेमका संकटाच्या घटकेस उघड होतो.

हा विषय विद्यापीठीय चर्चेत उशिराच आला. मानववंशशास्त्रज्ञ मिशेल रोझाल्डो यांचा १९८१ मध्ये फिलिपाइन्समध्ये क्षेत्रकार्य करीत असता कड्यावरून पडून मृत्यू झाला, तेव्हा अशा घटनांकडे वैयक्तिक दुर्दैव म्हणूनच पाहिले जात असे. नॅन्सी हॉवेल यांचा ‘सर्व्हायव्हिंग फील्डवर्क’ हा अहवाल अमेरिकन मानववंशशास्त्र संघटनेने १९९० मध्ये प्रसिद्ध केला. क्षेत्रकार्यातील आजार व अपघात यांची पद्धतशीर मोजदाद करण्याचा तो पहिला मोठा प्रयत्न होय. त्यामागे हॉवेल यांचे स्वतःचे दुःख होते : १९८५ मध्ये बोट्स्वानात मोटार-अपघातात त्यांचा मुलगा दगावला होता. साप, वन्य पशू किंवा दुर्मिळ ज्वर यांच्यापेक्षा रस्त्यावरील वाहन हा संशोधकाचा अधिक मोठा शत्रू आहे, हे त्या अहवालाने दाखविले, आणि ते आजही खरे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ या एका वर्षात जगभर सुमारे ११ लाख ९० हजार माणसे रस्त्यावरील अपघातांत मृत्युमुखी पडली. ५ ते २९ या वयोगटात तर मृत्यूचे ते पहिले कारण आहे. मॉरिशसमध्ये वाहने आपल्याप्रमाणे डावीकडून चालतात, इस्राएलमध्ये उजवीकडून. रस्ता ओलांडताना प्रथम कोणीकडे पाहावे याची आयुष्यभराची सवय तेथे घातक ठरते, एवढी साधी गोष्टही निघण्यापूर्वी सांगावी लागते.

आकड्यांच्या बाबतीतही सवय अशीच दगा देते. भारतात पोलिसांसाठी १००, अग्निशामक दलासाठी १०१ आणि रुग्णवाहिकेसाठी १०२ हे दूरध्वनी-क्रमांक पिढ्यान्‌पिढ्या पाठ आहेत. अलीकडे ११२ व १०८ यांची त्यांत भर पडली. इस्राएलमध्येही पोलिसांचा क्रमांक १००च आहे. परंतु १०१ वर रुग्णवाहिका येते आणि १०२ वर अग्निशामक दल. साम्य असल्यामुळे चूक अधिक सहज घडते. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास परिचित असलेल्या ‘फसव्या मित्रशब्दां’चाच हा प्रकार होय. मॉरिशसमध्ये तातडीच्या वैद्यकीय मदतीसाठी ११४ हा क्रमांक आहे.

औषधांच्या नावांचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे, आणि भाषाभ्यासकाने त्यात रस घ्यावा असा आहे. एकाच द्रव्यास देशोदेशी निरनिराळी व्यापारी नावे असल्याने होणारा गोंधळ टाळण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने आंतरराष्ट्रीय समान नावांची पद्धती आखली. ती १९५३ पासून अमलात आहे. या नावांची घडण रूपविचाराच्या दृष्टीनेही पाहण्यासारखी आहे : ‘-सिलिन’ हे अंत्यपद आले की द्रव्य पेनिसिलिनच्या कुळातले, ‘-ओलोल’ आले की रक्तदाब व हृदय यांवरील एका विशिष्ट वर्गातले. तरीही सर्वत्र एकवाक्यता नाही. ज्यास भारतात पॅरासिटामॉल म्हणतात त्यास अमेरिकेत ॲसिटामिनोफेन म्हणतात. इस्राएलमधील दुकानात ते ‘अकामोल’ या नावाने मागितले जाते. हे अज्ञान फारसे अपायकारक नाही. दुसरे एक उदाहरण तसे नाही. मेटामिझोल हे वेदनाशामक भारतात ‘ॲनाल्जिन’ म्हणून ओळखले जाते. त्याचा क्वचित पण गंभीर परिणाम रक्तातील पांढऱ्या पेशींवर होतो, म्हणून २०१३ मध्ये भारत सरकारने त्याची विक्री काही काळ स्थगित केली होती. हेच द्रव्य इस्राएलमध्ये ‘ऑप्टाल्जिन’ या नावाने घरोघरी वापरले जाते. ॲनाल्जिनचे वावडे असलेल्या संशोधकाच्या डोकेदुखीवर यजमान-आजीबाई मोठ्या मायेने ऑप्टाल्जिनची गोळी पुढे करतील आणि तो ती घेईल. यास्तव ज्या द्रव्यांचे वावडे आहे त्यांची व नित्याच्या औषधांची यादी समान नावांनी करून, ती स्थानिक भाषेत व लिपीत एका कार्डावर लिहून नेणे अत्यावश्यक समजावे. भाषाशास्त्र विभागास हे काम अवघड वाटू नये.

लसींच्या बाबतीत या दोन देशांसाठी भारतातून थेट जाणाऱ्यास पीतज्वराचा दाखला लागत नाही. अडचण उद्भवते ती स्वस्त तिकिटामुळे. नैरोबी किंवा अदिस अबाबा येथे मुक्काम करून जाणारा मार्ग निवडल्यास केनिया व इथिओपिया हे पीतज्वराच्या प्रदेशांत मोडत असल्याने पुढील देशात अडवणूक होऊ शकते. आणि स्वदेशी परतताना वैध दाखला नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागते. भारताच्या या कडकपणामागे सबळ कारण आहे : येथे पीतज्वर नाही, परंतु तो पसरवणारा एडीस डास मुबलक आहे. दाखला लस टोचल्यापासून दहा दिवसांनी वैध होतो आणि ११ जुलै २०१६ पासून तो आजन्म ग्राह्य धरला जातो. लस जिवंत विषाणूंची असल्याने गरोदर स्त्रिया व प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या व्यक्ती यांना ती सहसा देत नाहीत. साठीपुढील प्राध्यापकांनीही वैद्याशी विचारविनिमय केल्यावाचून ती टोचून घेऊ नये. तिकिटात वाचलेले पैसे लसीकरण-केंद्राच्या खेपांत जातात, हा हिशोब कार्यालयाने अगोदर मांडावा.

लसीकरणाचा विचार संशोधकाच्या रक्षणापुरताच करणे हेही अपुरे आहे. ज्यांच्याजवळ बसून तासन्‌तास ध्वनिमुद्रण करावयाचे, ते निवेदक ऐंशीच्या घरातील असतात. विमानतळावरून खोकला घेऊन आलेला तरुण संशोधक त्यांच्या दृष्टीने धोका आहे. इन्फ्लुएन्झाची लस घेणे आणि ताप असताना निवेदकाकडे न जाणे, भले एक आठवडा वाया जावो, ही संशोधननीतीची बाब आहे. नीतिसमित्यांच्या अर्जांत ती विचारली जात नसली तरी.

इस्राएलमधील युद्धजन्य धोक्याचा विचार वेगळा करावा लागतो. तेथे दोन शब्द व्याकरणाच्या पहिल्या धड्यापूर्वी शिकावयास हवेत : ‘ममाद’, म्हणजे घरातील संरक्षित खोली, आणि ‘मिक्लात’, म्हणजे सामायिक आश्रयगृह. १९९१ च्या आखाती युद्धानंतर बांधलेल्या घरांत ममाद बंधनकारक झाली. मात्र स्थलांतरितांसाठी त्याआधी तीस-चाळीस वर्षे उभारलेल्या इमारतींत ती बहुधा नसते, आणि मराठी बोलणारी वृद्ध मंडळी पुष्कळदा अशाच घरांत राहतात. गाझाकडून येणाऱ्या अग्निबाणांच्या बाबतीत भोंगा वाजल्यापासून आश्रयास पोहोचण्यास अश्दोद येथे साधारणतः ४५, बेअरशेबा येथे ६०, तर तेल अवीव येथे ९० सेकंद मिळतात. तेव्हा मुलाखतीस बसण्यापूर्वी आश्रयस्थान कोठे आहे, आणि गुडघेदुखीने त्रस्त असलेली निवेदिका तेथवर किती वेळात पोहोचते, हे पाहणे हा प्रश्नावलीचाच भाग मानावा.

७ ऑक्टोबर २०२३ च्या हल्ल्यानंतर भारत सरकारने ‘ऑपरेशन अजय’ या मोहिमेद्वारे खास विमानांनी नागरिकांना परत आणले. जून २०२५ मध्ये मात्र इस्राएल-इराण संघर्ष पेटताच इस्राएलचे आकाशच बंद झाले, आणि ‘ऑपरेशन सिंधू’मध्ये भारतीयांना जमिनीवरून जॉर्डन व इजिप्त यांच्या सीमा ओलांडून बाहेर काढावे लागले. त्याच महिन्याच्या १९ तारखेस बेअरशेबाच्या सोरोका रुग्णालयावर क्षेपणास्त्र आदळले. दक्षिण भागातील कोणत्याही योजनेत जे रुग्णालय पहिले लिहिले जाईल, तेच ते. अशा प्रसंगांवरून एवढे निष्पन्न होते की परतीचा एकच मार्ग व एकच रुग्णालय नोंदवलेली योजना अपुरी आहे. शेजारी राष्ट्रांच्या प्रवेशपत्रांचे नियम, सीमेवरील नाक्यांची नावे आणि तेथवर जाण्यास लागणारी रोकड यांची नोंद अगोदर हवी. विम्याच्या अटींत युद्धापासून उद्भवणारी हानी बहुधा वगळलेली असते. ते कलम वाचण्याचे काम संशोधकावर न सोडता विद्यापीठाच्या वित्त विभागाने करावे.

नाक्यांची व गावांची नावे नोंदताना ती कोणत्या भाषेतील आहेत हे पाहणेही अगत्याचे. २ मार्च २०२२ रोजी खार्किव सोडण्याची सूचना देताना भारतीय वकिलातीने विद्यार्थ्यांना सायंकाळी सहापूर्वी ज्या वस्त्या गाठावयास सांगितल्या, त्यांत ‘पेसोचिन’ हे नाव होते. हे रशियन रूप. युक्रेनियन पाट्यांवर ते ‘पिसोचिन’ असे असते. एका स्वराचा फरक कोशात क्षुल्लक वाटतो. गोळीबारात पायी निघालेल्यास तो क्षुल्लक नसतो.

त्याच युद्धाने दुसरा, अधिक कठीण प्रश्न पुढे आणला : परतावयाचे केव्हा, हे कोणी ठरवावयाचे? वकिलातीने १५ फेब्रुवारी २०२२ रोजीच, ज्यांचे राहणे आवश्यक नाही अशांनी, विशेषतः विद्यार्थ्यांनी, तात्पुरते देश सोडण्याचा विचार करावा असे सुचवले होते. आक्रमण २४ तारखेस झाले. मधल्या नऊ दिवसांत अनेक विद्यार्थी थांबले, कारण वर्ग चालू होते आणि हजेरी बुडण्याची धास्ती होती. क्षेत्रकार्य करणाऱ्या संशोधकाची स्थिती याहून बिकट असते. शिष्यवृत्तीची मुदत, अपुरी राहिलेली सामग्री, मार्गदर्शकाची अपेक्षा हे सारे त्यास थांबावयास सांगत असते. ‘आवश्यक नाही’ या शब्दांचा अर्थ तो स्वतःच्या विरुद्ध लावणार नाही, हे उघड आहे. म्हणून परतीचा निर्णय विद्यार्थ्याच्या धैर्यावर अवलंबून ठेवणे हा विभागाच्या जबाबदारीतून अंग काढून घेण्याचाच प्रकार ठरतो. कोणत्या सूचनेनंतर काम थांबेल हे निघण्यापूर्वी लेखी ठरावे. परत बोलावण्याचा अधिकार विभागप्रमुखाकडे असावा, मात्र विद्यार्थ्याने स्वतःहून परतण्याचे ठरविल्यास त्यास कोणाचीही अनुमती लागू नये. आणि मुदतवाढ त्या कागदातच गृहीत धरावी. ध्वनिमुद्रणांची प्रत रोजच्या रोज विभागाकडे पाठविण्याचा नियमही याच कारणाने हवा. भाड्याच्या खोलीत राहिलेल्या सामग्रीसाठी मागे वळण्याचा मोह मग उरत नाही.

मॉरिशसचे चित्र शांत आहे, पण निर्धोक नाही. नोव्हेंबर ते एप्रिल हा तेथील चक्रीवादळांचा काळ. इशारे चार वर्गांत दिले जातात. तिसरा वर्ग जाहीर झाल्यावर घराबाहेर राहू नये. जानेवारी २०२४ मध्ये ‘बेलाल’ वादळाच्या वेळी पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून मोटारी वाहून गेल्या. महाराष्ट्रातील महाविद्यालयांची हिवाळी सुटी नेमकी याच ऋतूत येते. मे-जूनमध्ये जाणे शक्य असेल तर ते श्रेयस्कर.

आजारांत तेथे डासांपासून होणारे डेंग्यू व चिकुनगुन्या लक्षात घ्यावेत. २००५-०६ मध्ये रेयुनियाँ व मॉरिशस या बेटांवर चिकुनगुन्याची मोठी साथ आली. भारतात हा आजार १९७३ मधील बार्शीच्या साथीनंतर जवळजवळ विस्मृतीत गेला होता. त्याच सुमारास तो पुन्हा उसळला, आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने तपासलेल्या नमुन्यांत विषाणूचा आफ्रिकी प्रकार आढळला, जो हिंदी महासागरातील बेटांवरील साथीतही होता. यास्तव परतल्यावर पंधरवड्याच्या आत ताप आल्यास वैद्यास प्रवासाची माहिती प्रथम सांगावी, डेंग्यू नाही असे ठरेपर्यंत ॲस्पिरिन घेऊ नये, आणि ताप असेपर्यंत दिवसाही मच्छरदाणीत राहावे. कारण एडीस डास दिवसा चावतो, आणि तो घरात आधीपासूनच असतो.