मुंबईचा फोर्ट परिसर : वारसा संवर्धनातील लोकसहभाग

बहारीनची राजधानी मनामा येथे भरलेल्या जागतिक वारसा समितीच्या ४२ व्या अधिवेशनात ३० जून २०१८ रोजी मुंबईतील 'व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको वास्तुसमूहा'चा जागतिक वारसा यादीत समावेश करण्यात आला. घारापुरीची लेणी (१९८७) आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस (२००४) यांच्यानंतर मुंबईला मिळालेला हा तिसरा सन्मान होय. मात्र पहिल्या दोहोंपेक्षा त्याचे स्वरूप वेगळे आहे. येथे एखादे एकटे स्मारक नव्हे, तर ९४ इमारतींचा वापरात असलेला नागरी परिसर नोंदविला गेला आणि त्यामागे प्रामुख्याने स्थानिक रहिवासी संघटनांचा अनेक वर्षांचा पाठपुरावा होता. शहराच्या जुन्या केंद्रभागाचे जतन शासन आणि नागरिक एकत्र येऊन कसे करू शकतात, याचा विचार या उदाहरणाच्या आधारे करता येतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत (१८६२-६७) मुंबईच्या किल्ल्याची तटबंदी पाडण्यात आली. तटबंदी गेली तरी 'फोर्ट' हे नाव राहिले. कापसाच्या व्यापारातून आलेल्या संपत्तीच्या बळावर मोकळ्या झालेल्या जागेत सार्वजनिक इमारतींची रांग उभी राहिली. मुंबई विद्यापीठाचे दीक्षान्त सभागृह १८७४ मध्ये, तर उच्च न्यायालय आणि राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पूर्ण झाले. प्रेमचंद रायचंद यांनी आपल्या मातोश्रींच्या नावे दिलेल्या देणगीतून हा टॉवर उभा राहिला. पुढे बॅकबे भरावामुळे ओव्हल मैदानाच्या पश्चिमेस नवी जमीन उपलब्ध झाली आणि १९३० च्या दशकात तेथे सिमेंट काँक्रीटच्या आर्ट डेको शैलीतील निवासी इमारती व चित्रपटगृहे बांधली गेली. मैदानाच्या पूर्वेस एकोणिसावे शतक आणि पश्चिमेस विसावे शतक समोरासमोर उभे आहे, हेच या परिसराचे वैश्विक मूल्य मानले गेले.

ऱ्हासाची कारणे

जुन्या इमारती केवळ वयामुळे मोडकळीस येत नाहीत; त्यांच्या दुरवस्थेला आर्थिक कारणे असतात. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाणभूत भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठविले. फाळणी व स्थलांतराच्या काळात भाडेकरूंना संरक्षण देणे आवश्यक होते. परंतु खर्च वाढत असताना उत्पन्न स्थिर राहिल्याने घरमालकांना दुरुस्तीत स्वारस्य उरले नाही. पडझड वाढू लागल्यावर १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ स्थापन होऊन जुन्या भाड्याच्या इमारतींवर उपकर बसविण्यात आला. हीच इमारती 'उपकरप्राप्त' म्हणून ओळखल्या जातात. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने भाड्यात मर्यादित वाढीची तरतूद केली, तथापि मूळ प्रश्न सुटला नाही.

काळा घोडा येथील एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे पूर्वीचे वॉटसन हॉटेल, हे याचे बोलके उदाहरण आहे. १८६० च्या दशकातील ओतीव लोखंडाच्या सांगाड्याच्या या इमारतीत ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंच्या चलच्चित्रांचा भारतातील पहिला खेळ झाला. २००५ मध्ये तिच्या दर्शनी भागाचा काही अंश कोसळला आणि २०१९ मध्ये ती धोकादायक ठरल्याने रिकामी करण्यात आली. वारसा म्हणून नोंद होऊनही मालक, भाडेकरू आणि यंत्रणा यांच्यातील दायित्वाचा गुंता वेळीच सुटला नाही, तर नोंदीचे संरक्षण अपुरे पडते, हा त्यातील धडा आहे.

दुसरे कारण म्हणजे व्यवसायांचे स्थलांतर. वांद्रे-कुर्ला संकुलाच्या विकासानंतर वित्तसंस्था आणि अनेक कार्यालये उत्तरेकडे सरकली. कार्यालये गेली की उपाहारगृहे, छापखाने आणि पुस्तकांची दुकाने यांचे ग्राहक घटतात आणि सायंकाळनंतर रस्ते ओस पडतात. ज्या इमारतीला वापर नाही, तिच्या दुरुस्तीसाठी पैसाही येत नाही.

कायदेशीर चौकट

संविधानाच्या अनुच्छेद ४९ नुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांचे संरक्षण हे राज्याचे कर्तव्य आहे, तर अनुच्छेद ५१-क (च) नुसार आपल्या संमिश्र संस्कृतीच्या वारशाचे जतन करणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे. १९५८ चा प्राचीन स्मारकविषयक केंद्रीय कायदा राष्ट्रीय महत्त्वाच्या संरक्षित स्मारकांना लागू होतो. परंतु ज्यांत लोक राहतात व व्यवहार करतात, अशा बहुसंख्य जुन्या इमारती या कायद्याच्या कक्षेबाहेर राहतात.

ही पोकळी मुंबईच्या १९९५ च्या वारसा विनियमांनी भरून काढली. नगररचनेच्या नियमांतून वारसा वास्तूंना संरक्षण देणारा देशातील हा अग्रणी प्रयत्न होता. त्यानुसार वास्तूंची प्रथम, द्वितीय आणि तृतीय अशी श्रेणीनिहाय यादी करण्यात आली. प्रथम श्रेणीत बदलांना जवळजवळ वाव नसतो. द्वितीय श्रेणीत अंतर्गत बदल व अनुरूप पुनर्वापर शक्य असतो. तृतीय श्रेणीत परिसराचे स्वरूप राखून अधिक लवचीकता मिळते. महानगरपालिकेला सल्ला देण्यासाठी मुंबई वारसा संवर्धन समिती नेमण्यात आली. निर्बंधांमुळे होणारी मालकाची हानी भरून काढण्यासाठी विकास हक्क हस्तांतरणाची तरतूदही ठेवण्यात आली.

नागरिकांचे प्रयत्न

कायद्याच्या या चौकटीत प्रत्यक्ष काम उभे केले ते नागरिकांनी. १९९० च्या दशकात ओव्हल मैदानाची दुरवस्था झाली होती. ओव्हल-कूपरेज भागातील रहिवाशांनी संघटित होऊन उच्च न्यायालयात दाद मागितली आणि पुढे मैदानाच्या सुधारणेची व देखभालीची जबाबदारी स्वतः उचलली.

दादाभाई नौरोजी मार्गावरील प्रयोग वेगळ्या प्रकारचा होता. येथील दगडी कमानी अवाढव्य नामफलकांखाली झाकल्या गेल्या होत्या. वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी तयार केलेल्या मार्गदर्शक आराखड्यानुसार फलकांचे आकार व जागा ठरविण्यात आल्या आणि व्यापारी व रहिवाशांच्या 'हेरिटेज माईल असोसिएशन'ने त्या अंमलात आणण्यासाठी पुढाकार घेतला. फलक कमानीच्या आत आल्यावर मूळ दर्शनी भाग पुन्हा दिसू लागला. मोठ्या शासकीय खर्चाविना केवळ संमतीने साधलेल्या या बदलाची दखल युनेस्कोच्या आशिया-प्रशांत वारसा पुरस्कारांत २००४ मध्ये घेतली गेली.

काळा घोडा असोसिएशनची स्थापना १९९८ मध्ये झाली. ज्या अश्वारूढ पुतळ्यावरून या चौकाला नाव पडले, तो १९६५ मध्येच भायखळ्यास हलविण्यात आला होता. नाव मात्र लोकांच्या तोंडी टिकून राहिले. संस्थेने १९९९ पासून कला महोत्सव सुरू केला आणि त्यातून उभ्या राहणाऱ्या निधीचा विनियोग परिसरातील वास्तूंच्या दुरुस्तीसाठी केला. लोक परिसरात येतात, त्यातून निधी मिळतो आणि निधीतून परिसर सुधारतो, असे हे चक्र आहे. केनेसेथ एलियाहू सिनेगॉगचा जीर्णोद्धार २०१९ मध्ये पूर्ण झाला. त्याच वर्षी १८६४ चे फ्लोरा फाऊंटनही दुरुस्तीनंतर पुन्हा वाहते झाले.

या अनुभवातूनच जागतिक वारसा नामांकनाची कल्पना पुढे आली. ओव्हल, चर्चगेट, नरिमन पॉइंट येथील रहिवासी संघटना, काळा घोडा असोसिएशन, नागरी संशोधन संस्था आणि मुंबई महानगर प्रदेश वारसा संवर्धन सोसायटी यांनी एकत्र येऊन प्रस्तावाला बळ दिले, राज्य शासनाने तो पुढे नेला. २०१२ मध्ये तो संभाव्य यादीत आला आणि सहा वर्षांनी मान्य झाला. अंतिम नोंदीत मुख्य क्षेत्र ६६.३४ हेक्टर असून त्याभोवती संरक्षक पट्टा आहे. याउलट, दिल्लीच्या राजधानी परिसराचे नामांकन केंद्र शासनाने २०१५ मध्ये मागे घेतले. विकासावर निर्बंध येतील ही भीती त्यामागे होती. हीच भीती मुंबईतही होती. रहिवाशांची तयारी हा येथील निर्णायक फरक ठरला.

मर्यादा आणि मतभेद

या यशाकडे टीकात्मक दृष्टीनेही पाहिले पाहिजे. फोर्ट, ओव्हल आणि मरीन ड्राइव्हचे रहिवासी तुलनेने संपन्न व सुशिक्षित आहेत. न्यायालयात जाण्याची आणि तज्ज्ञ नेमण्याची त्यांची क्षमता गिरगाव किंवा भायखळ्यातील चाळकऱ्यांकडे नाही. वारसा परिसरातील अनेक सोसायट्यांना पुनर्विकासाच्या मार्गातील उंचीची मर्यादा अन्यायकारक वाटते. गळक्या छताखाली राहणाऱ्या कुटुंबाला केवळ सौंदर्याचा युक्तिवाद पटणे कठीण आहे. त्यामुळे दुरुस्तीसाठी सुलभ कर्ज, मालमत्ता करात सवलत आणि पारंपरिक बांधकामाचे कुशल कारागीर यांची व्यवस्था नियमांइतकीच महत्त्वाची ठरते.

परिसर पुन्हा वर्दळीचा होणे हेही संवर्धनच आहे. १९३८ चे इरॉस चित्रपटगृह काही वर्षे बंद राहून २०२४ मध्ये नव्या स्वरूपात सुरू झाले. ऑक्टोबर २०२५ मध्ये भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत पोहोचल्याने फोर्ट परिसर उपनगरांशी थेट जोडला गेला.

समारोप

७४ व्या घटनादुरुस्तीने समाविष्ट केलेल्या बाराव्या अनुसूचीत सांस्कृतिक व सौंदर्यविषयक बाबींना चालना देणे हे नगरपालिकांच्या कार्यांपैकी एक मानले आहे. नाशिक, पुणे, कोल्हापूर यांसारख्या शहरांतील जुने वाडे व बाजारपेठा आज त्याच वळणावर उभ्या आहेत. मुंबईचा अनुभव असे दर्शवितो की यादी, नियम आणि निधी ही साधने आहेत. त्यांना गती देणारी शक्ती म्हणजे आपल्या परिसराची जबाबदारी स्वीकारणारा नागरिक. त्या नागरिकाच्या घराचे छप्पर सुरक्षित राहिले, तरच त्या इमारतीचा इतिहासही सुरक्षित राहील.